हृदयातलं छिद्र, फुप्फुसातला दाब आणि दाह: आधी काय, नंतर काय?

कवडसा
नमस्कार मंडळी. लेक दहा महिन्यांची आहे. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत मोठा व्हीएसडी असल्याचं कळलं, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. पहिले काही महिने फार वाईट गेले. दूध ओढताना कपाळावर घामाचे थेंब, चार घोट घेतले की दमून सोडायची, बरगड्यांखालचा भाग प्रत्येक श्वासाला आत ओढला जायचा. न्यूमोनियासाठी ऍडमिटही करावं लागलं. जास्त लघवी होऊन अंगातलं पाणी निघावं म्हणून लघवीचं औषध चालू आहे.

अलीकडे मात्र चित्र पालटलंय. श्वास शांत झालाय, वजन वाढतंय, तपासताना ऐकू येणारा मर्मर (हृदयातला रक्ताचा जादा आवाज) पण पूर्वीपेक्षा हलका आहे म्हणतात. घरात सगळ्यांचं म्हणणं, छिद्र भरत आलंय, आता पोरीला चिरफाड नको. डॉक्टरांना मात्र इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहून बरं वाटलेलं दिसलं नाही. छिद्र तेवढंच आहे, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला दाब चढलाय, कॅथ (रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून आतला दाब मोजायची तपासणी) करून घ्या आणि लांबवू नका, असं म्हणाले.

बोलता बोलता ते म्हणाले की या आजारात त्या रक्तवाहिन्यांमध्ये दाह (इन्फ्लमेशन) पण असतो. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. दाहामुळे दाब वाढतो की दाबामुळे दाह होतो? सीआरपी (रक्तातली दाहाची चाचणी) तर नॉर्मल आलंय, मग दाह कुठून आला? आणि दाहावर औषध दिलं तर ऑपरेशन टळेल का? ज्यांना अनुभव किंवा माहिती आहे त्यांनी कृपया लिहा.

टिटवी
कवडसाताई, आधी कॅथची तारीख घेऊन टाका. चर्चा इथे चालूच राहील.

पारिजात
मी लहान मुलांच्या हृदयविकारांवर काम करते. तुमच्या लेकीला तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण "बरी दिसतेय" याबद्दल लगेच लिहायला हवं.

मोठ्या छिद्रातून डाव्या बाजूचं रक्त उजवीकडे जातं आणि फुप्फुसात गरजेपेक्षा कितीतरी जास्त रक्त पोचतं. घाम, धाप, वजन न वाढणं, वारंवार छातीचं इन्फेक्शन हे सगळं त्या जादा रक्तामुळे. हा मारा सोसून फुप्फुसाच्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात, आतली पोकळी अरुंद होते. मग फुप्फुसात शिरायला रक्तालाच अडथळा होतो आणि छिद्रातून जाणारं रक्त कमी होतं. बाळाचा श्वास शांत होतो, दूध नीट पितं, बाळसं धरतं, मर्मर मंदावतो. छिद्र लहान झालं तरीही अगदी असंच दिसतं. दोन्हींतला फरक वरून कळत नाही, इकोत कळतो. तुमच्या डॉक्टरांनी छिद्र तेवढंच आहे असं स्पष्ट सांगितलंय, म्हणून त्यांची घाई मला योग्य वाटते.

दुसरं, दाब आणि रोध (वाहिन्यांमधून जाताना रक्ताला होणारा अडथळा) या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दाब जास्त रक्तामुळेही वाढतो आणि अरुंद झालेल्या वाहिन्यांमुळेही. पहिल्या प्रकारात छिद्र बंद केलं की दाब बहुतेक वेळा उतरतो. दुसऱ्या प्रकारात उतरेलच असं नाही. तुमची लेक यातल्या कुठल्या टप्प्यावर आहे ते कॅथमध्ये मोजतात.

रानवारा
थोडा वेगळा अनुभव. पुतण्याला व्हीएसडी होता, डॉक्टरांनी नुसतं लक्ष ठेवा म्हटलं आणि शाळेत जायच्या आत तो आपोआप बुजला. म्हणून वाटतं, ऑपरेशनला एकदम हो म्हणू नये. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

पारिजात
@रानवारा, दुसरं मत जरूर घ्यावं, फक्त पटकन घ्यावं. तुमच्या पुतण्याचं छिद्र लहान असणार आणि फुप्फुसाचा दाब नॉर्मल. स्नायूच्या भागातली लहान छिद्रं बऱ्याचदा आपोआप बुजतात, तिथे थांबणंच बरोबर. मोठं छिद्र आणि चढलेला दाब असेल तर सहसा पहिल्या वाढदिवसाच्या आत, बहुतेकदा त्याहून बरंच आधी, बंद करतात. आजाराचं नाव एकच असलं तरी दोन मुलांची गोष्ट एक नसते.

गुंजारव
आधी काय नंतर काय, हा प्रश्न माझ्या कामाच्या जवळचा आहे (प्रयोगशाळेत रोगप्रतिकारशक्तीवर काम करतो, डॉक्टर नाही). जरा सविस्तर लिहितो.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. वाहणारं रक्त आपल्याला किती घासतंय हे त्या पेशींना कळतं. घर्षण आणि दाब दोन्ही वाढले की त्यांचं वागणं बदलतं. वाहिनी सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन कमी पडतात, ती आवळणारं एंडोथेलिन वाढतं. त्याच वेळी या पेशी पृष्ठभागावर पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे रेणू आणतात आणि त्यांना बोलावणारे संदेशही सोडतात. मग मॅक्रोफेज आणि टी पेशी या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या बाहेरच्या आवरणात गोळा होतात. त्यांच्यातून इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१ बीटा, टीएनएफ असे दाह वाढवणारे रेणू सुटतात. त्यांच्यामुळे भिंतीतल्या स्नायूपेशी वाढत राहतात, भिंत आणखी जाड होते, पोकळी आणखी अरुंद होते आणि उरलेल्या जागेत घर्षण आणखी वाढतं.

म्हणजे छिद्र असलेल्या मुलांमध्ये सुरुवात प्रवाहापासून होते, दाह मागून येतो. पण एकदा आला की तो आजार पुढे रेटायला हातभार लावतो. उंदरांच्या फुप्फुसात मुद्दाम इंटरल्यूकिन-६ जास्त तयार करवलं तेव्हा त्यांना छिद्र नसतानाही फुप्फुसाचा दाब वाढला. त्यामुळे दाह निव्वळ बघ्या नाही हे नक्की.

उंदरांचाच आणखी एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. मोनोक्रोटॅलिन नावाच्या विषाने फुप्फुसाच्या वाहिन्यांना इजा आणि दाह होतो, पण नुसत्या विषाने मुख्यतः मधला स्नायूचा थर जाड होतो. त्याच्या जोडीला शंट (रक्ताला छिद्रासारखी आडवाट) करून प्रवाहही वाढवला, की माणसाच्या प्रगत आजारात दिसतो तसा आतून नवा थर चढतो आणि वाहिनी बुजायला लागते. दोन्ही एकत्र आले की जास्त नुकसान.

सीआरपीबद्दल: ते यकृतात तयार होतं आणि अंगभर पसरलेल्या दाहाचा अंदाज देतं. केसाएवढ्या धमनीभोवती चाललेला दाह त्यात उमटेलच असं नाही. नॉर्मल सीआरपीवरून फुप्फुसाच्या वाहिन्या ठीक आहेत असं म्हणता येत नाही.

धुमकेतू
वाचतोय. पण मग सरळ प्रश्न येतो: दाह हातभार लावतो, तर स्टेरॉइड देऊन तो दाबून का टाकत नाहीत? किंवा दाह कमी करणारा आहार तरी?

गुंजारव
@धुमकेतू, प्रश्न रास्त आहे आणि लोकांनी तो तपासूनही पाहिलाय. इंटरल्यूकिन-६ चा मार्ग अडवणारं टोसिलिझुमॅब फुप्फुसाचा दाब असलेल्या मोठ्या माणसांच्या एका लहान चाचणीत दिलं. फुप्फुसाचा रोध उतरला नाही. उंदरात चाललं ते माणसात चालेलच असं नसतं, आणि दाहाचा एकच धागा तोडून बाकीचे थांबत नाहीत.

पारिजात
स्टेरॉइडबद्दल मी सांगते. ऑपरेशनमध्ये हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांमधून रक्त फिरतं तेव्हा अंगभर दाह उसळतो, त्यामुळे मशीन लावायच्या आधी स्टेरॉइड द्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेस नावाच्या चाचणीत हजाराहून जास्त तान्ह्या बाळांना मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा नुसतं मीठ-पाणी दिलं होतं. ठरवलेल्या मुख्य निकषावर स्टेरॉइडचा ठोस फायदा दिसला नाही आणि रक्तातली साखर वाढून इन्सुलिन द्यावं लागलेली बाळं स्टेरॉइडच्या गटात जास्त निघाली. शंटमुळे आलेल्या दाबावर घरी महिनोन्‌महिने स्टेरॉइड देणं हा उपचारच नाही.

आहाराचं म्हणाल तर या बाळांना कॅलरी कमी पडत असतात. दाह कमी करायचा म्हणून काहीबाही वगळू नका. त्यांना भरपूर आणि दाट पोषण लागतं.

आणि कृपया, दाह कमी होईल म्हणून आयबुप्रोफेन सुरू करू नका. लघवीचं औषध चालू असलेल्या बाळाच्या किडनीवर त्याचा ताण पडू शकतो. ताप आला तर काय आणि किती द्यायचं ते आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. सर्दीची नाक मोकळं करणारी औषधंही विचारल्याशिवाय नकोत, त्यातली काही रक्तवाहिन्या आवळतात.

शेवंता
आमच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे, त्याच्यासोबत एव्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या मधोमध मोठं छिद्र आणि झडपांचा दोष. या मुलांमधल्या साधारण निम्म्यांना हृदयाचा जन्मजात दोष असतो आणि त्यांच्या फुप्फुसाच्या वाहिन्या लवकर बिघडतात, असं आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं.

त्यानंतरची गोष्ट सांगायची आहे. ऑपरेशन छान झालं, दाब उतरला, आणि काही काळाने पुन्हा थोडा चढलेला दिसला. छिद्राची दुरुस्ती पक्की होती. झोपेत तो घोरायचा, मध्येच श्वास थांबायचा, मान मागे टाकून झोपायचा. झोपेची तपासणी केली तर रात्रभर ऑक्सिजन वरखाली. टॉन्सिल-ऍडेनॉइड काढले आणि दाब परत खाली आला. तेव्हा ज्यांच्या मुलांचा दाब चढा आहे त्यांनी रात्री मूल कसं झोपतं ते नीट बघा, व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. दूध पिताना ठसका लागतो का, उलटून श्वासनलिकेत जातं का, हेही बघा. अशा रोजच्या लहान धक्क्यांनी पण फुप्फुसाला दाह होत राहतो.

एकदा इको चालू असताना पोराने डॉक्टरांच्या हातातून प्रोब ओढून घेतला आणि त्यांच्या शर्टावर ठेवला. जेल लागलं सगळं. आता तुमचं दाखवा, असा सरळ हिशोब होता त्याचा!

टिटवी
@शेवंता, पोराला माझ्याकडून शंभरपैकी शंभर :)

दीपमाळ
मी मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या आयसीयूत नर्स आहे. कवडसाताई, तिथे जे दिसेल त्याची थोडी कल्पना देते, म्हणजे घाबरायला होणार नाही.

दाब जास्त असलेल्या बाळाला ऑपरेशननंतर काही काळ मुद्दाम गाढ झोपेत ठेवतात. आई-बाबांना वाटतं, बाळ डोळे का उघडत नाही. कारण हे की त्या काळात फुप्फुसाच्या वाहिन्या फार हुळहुळ्या असतात. मशीनमुळे आलेला दाह ताजा असतो, आणि रडणं, दुखणं, थंडी वाजणं, श्वासनळीतला कफ काढणं, एवढ्यानेही त्या एकदम आवळतात. कफ काढायच्या आधी आम्ही गुंगीचं औषध वाढवतो, शंभर टक्के ऑक्सिजन देतो, दोघी जणी मिळून काम करतो. एकीचे हात नळीवर, दुसरीची नजर मॉनिटरवर. फुप्फुसाच्या दाबाची रेघ वर चढायला लागली आणि अंगाच्या रक्तदाबाची खाली, की तिथेच हात थांबवायचा, पुन्हा ऑक्सिजन, डॉक्टरांना हाक. त्याला आम्ही क्रायसिस म्हणतो. म्हणून "बाळाला हात लावू का?" विचारलं की आम्ही कधी कधी "आत्ता नको" म्हणतो. त्यात कठोरपणा नसतो हो.

व्हेंटिलेटरच्या नळीतून नायट्रिक ऑक्साइड वायू देतात. गुंजारवांनी जो रेणू वाहिन्यांत कमी पडतो म्हणून लिहिलंय, तोच बाहेरून थेट फुप्फुसात पोचवतात. तो एकदम बंद करत नाहीत, पायरीपायरीने उतरवतात, कारण अचानक थांबवला तर दाब उसळी मारतो. उतरवताना बऱ्याचदा वाहिन्या सैल करणारं सिल्डेनाफिल सुरू करतात.

रानवारा
दीपमाळताई, हे वाचून अंगावर काटा आला. तुम्हा लोकांना सलाम. आणि पारिजात यांचं उत्तर पटलं, लहान छिद्राचा अनुभव मोठ्या छिद्राला लावता येत नाही.

जुनीवाट
धाग्यात मुलांबद्दल चाललंय, मी मोठा झालेला रुग्ण आहे. लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहितो.

मला पीडीए होता. जन्माआधी महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी नळी असते, ती जन्मानंतर बंद व्हायला हवी, माझी मोठी होती आणि उघडीच राहिली. लहानपणी सारखा कफ-खोकला, नंतर तो आपोआप थांबला. मग मी धावलो, खेळलो, थोडी धाप लागायची इतकंच. कॉलेजात असताना तपासणीत डॉक्टरांनी बूट-मोजे काढायला लावले. हाताची नखं गुलाबी आणि पायाची निळी. ती नळी जिथे जोडलेली असते तिथून पुढे खालच्या अंगाला रक्त जातं, आणि फुप्फुसातला दाब फार चढून प्रवाह उलटल्यावर अशुद्ध रक्त पायांकडे जायला लागतं. आजही माझा ऑक्सिजन हाताला चांगला दिसतो, पायाला मोजला की कमी.

याला आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ साली असा पहिला रुग्ण नोंदवला आणि पॉल वुड यांनी १९५८ साली आजाराला हे नाव दिलं. या टप्प्यावर नळी बंद करता येत नाही, कारण उजव्या बाजूचा दाब मोकळा व्हायची तीच एक वाट उरलेली असते. मी वाहिन्या सैल करणारं बोसेंटान घेतो, यकृताची तपासणी नियमित असते. पाणी कमी पडू देत नाही, शरीरातल्या लोहावर लक्ष ठेवतो, सलाइन लावताना नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना ते स्वतः बघतो, कारण तो फुप्फुसात न अडकता थेट शरीराकडे जाणाऱ्या रक्तात शिरू शकतो. नोकरी करतो, वाचतो, लिहितो. आयुष्य चांगलं आहे.

पण कवडसाताई, तुमच्या लेकीसमोर अजून दुसरा रस्ता उघडा आहे. माझ्यासमोर तो कधी आलाच नाही. घरच्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवा.

अबोली
जुनीवाट, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

माझा प्रश्न: ऑपरेशनची वाट बघताना घरी आपण काय करायचं? भाची रांगेत आहे.

पारिजात
@अबोली, इन्फेक्शन टाळणं सगळ्यात महत्त्वाचं. आरएसव्हीसारख्या विषाणूने फुप्फुसात दाह झाला की आधीच ताणलेल्या वाहिन्या आणखी आवळतात आणि ऑपरेशनही पुढे ढकलावं लागतं. बाळाचं लसीकरण वेळच्या वेळी, न्यूमोनियाविरुद्धच्या न्यूमोकोकल लसीसकट. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस, आणि घरातल्या मोठ्यांनीही ती घ्यायची. जिथे उपलब्ध असेल तिथे आरएसव्हीचं तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, पालिविझुमॅब किंवा निर्सेविमॅब, याबद्दल विचारा. ते आधी दिलं असेल तरी ऑपरेशननंतर पुन्हा लागू शकतं, हार्ट-लंग मशीनवर त्याचं रक्तातलं प्रमाण उतरतं. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती बंद, गॅलरीतसुद्धा नाही. सर्दी झालेल्या पाहुण्यांना दारातूनच नमस्कार.

धुमकेतू
आहार-स्टेरॉइडचं समजलं, धन्यवाद. एक उरतंच. वाहिन्या किती बिघडल्यात हे कळतं कसं? आणि बिघडलेली वाहिनी परत सुधारते?

गुंजारव
हीथ आणि एडवर्ड्स यांनी १९५८ सालीच फुप्फुसाच्या तुकड्यांवरून सहा पायऱ्या मांडल्या होत्या. सुरुवातीच्या पायऱ्यांवर स्नायूचा थर जाड होतो आणि आतला थर वाढायला लागतो, प्रवाह थांबला की हे मागे फिरू शकतं. वरच्या पायऱ्यांवर वाहिनीच्या जागी वेड्यावाकड्या फटींचं जाळं उरतं, ते फिरत नाही. मधली रेषा नेमकी कुठे, हाच आजचा मोठा प्रश्न आहे. २०२० साली एका गटाने दाखवलं की न सुधारणाऱ्या वाहिन्यांच्या आतल्या थरातल्या पेशी म्हाताऱ्या झालेल्या असतात. त्या मरत नाहीत, विभागत नाहीत आणि दाह वाढवणारे रेणू सोडत राहतात. उंदरांमध्ये अशा पेशी औषधाने काढून टाकल्यावर आजार मागे फिरला. मुलांसाठी असं औषध अजून नाही, पण दाहाच्या दिशेने मला सगळ्यात जास्त आशा इथे वाटते.

पारिजात
आणि मोजण्याचं उत्तर कॅथमध्ये. फुप्फुसाचा रोध वुड युनिटमध्ये, शरीराच्या आकारमानाशी जुळवून मोजतात. ढोबळमानाने ४ च्या खाली असेल तर छिद्र बंद करता येतं, ८ च्या वर असेल तर सहसा नाही, मधल्या पट्ट्यात प्रत्येक मुलाचा स्वतंत्र विचार. ऑक्सिजन आणि नायट्रिक ऑक्साइड देऊन रोध किती उतरतो तेही बघतात. चुकीच्या मुलात छिद्र बंद केलं तर पुढचं आयुष्य आयझेनमेंगरपेक्षाही कठीण जाऊ शकतं, म्हणून ही मोजदाद टाळू नये.

कवडसा
सर्वांचे मनापासून आभार. काही दिवस लिहायला जमलं नाही, कॅथ झालं.

रोध ५ च्या आसपास आला. ऑक्सिजन आणि नायट्रिक ऑक्साइडवर ३ च्या खाली उतरला. डॉक्टर म्हणाले, वाहिन्या अजून सैल पडतायत, ऑपरेशन करता येईल, पण आता थांबायचं नाही. जुनीवाट, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि स्वतःच विचारलं, तारीख कधीची मिळतेय. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे.

माझ्या मूळ प्रश्नाचंही उत्तर मिळालं. दाह आहे, पण त्याच्या मुळाशी छिद्रातून येणारा मारा आहे, तो थांबवल्याशिवाय दाहावरचं औषध शोधून उपयोग नाही. एकच विचारायचं राहिलं: छिद्र बंद झालं की हे कायमचं संपतं का?

दीपमाळ
शुभेच्छा ताई! आयसीयूत लेकीची आवडती पातळ चादर आणि तुमच्या आवाजातलं एखादं रेकॉर्डिंग चालतं का ते आधीच विचारून ठेवा. आम्ही लावतो.

जुनीवाट
डोळे भरून आले. सासरेबुवांना नमस्कार सांगा.

पारिजात
खूप छान बातमी. बहुतेक मुलांमध्ये दाब उतरतो आणि उतरलेलाच राहतो. काहींमध्ये तो राहतो किंवा पुढे कधीतरी परत चढतो, ऑपरेशनच्या आधी रोध वाढलेला असेल तर ही शक्यता थोडी जास्त. म्हणून तुमच्या लेकीचा फॉलोअप मोठेपणीही सुटू देऊ नका, ती ठणठणीत दिसत असली तरी. खेळताना लवकर दमायला लागली, चक्कर आली किंवा शुद्ध हरपली तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

घरी जाताना सिल्डेनाफिल दिलं तर त्याचे मिलिलिटर सिरिंजवर खूण करून घ्या, स्वतःहून डोस वाढवू नका आणि अचानक बंदही करू नका. दुसरे कोणी डॉक्टर ऍंटिबायोटिक लिहून देत असतील तर हे औषध चालू असल्याचं आधी सांगा, क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या औषधांनी त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. कॅथ आणि इकोच्या रिपोर्टच्या प्रती आणि त्यांची सीडी एका फाइलमध्ये ठेवा, पुढच्या प्रत्येक तपासणीत तुलना त्याच आकड्यांशी होणार आहे.

अबोली
फाइलचं लगेच लिहून घेतलं. भाचीची तारीखही आली. तिच्या कॅथचे आकडे आले की याच धाग्यावर विचारते.